बावीस घरांचं घड्याळ

मला एकतीस आवाज येतात. मागच्या उन्हाळ्यापर्यंत बत्तीस यायचे.

पूर्णा स्टेशनवर गाडीची देरी सांगणारी बाई येते. स्टार्टर दाबला की आधी कण्हणारी आणि मग बोंबलणारी बोअरची मोटर येते. भाजीवाल्याशी भांडता भांडता मधीच रडायला लागणारी माझी सख्खी मावशी येते, त्यापायी ती मावशी दोन वर्षं माझ्याशी बोलत न्हवती. लग्नात, गणपतीत मी मिमिक्री करतो आणि बाकीच्या टायमाला ॲटोवरच्या भोंग्याच्या जाहिराती रेकॉर्ड करतो. 'महासेल, महासेल, फक्त तीन दिवस' हे तुमी ऐकलं असंल तर तो मीच. तीन दिवसाचा सेल तीन महिने चालला, त्याचा जाब मला विचारू नका.

बत्तिसावा आवाज आमच्या गणिताच्या सरांचा. खरं तर तो पयला. सरांचं एक होतं, वाक्य संपलं की खडू फळ्यावर दोनदा आपटायचे, टक टक, मग नाकातून श्वास ओढायचा आणि म्हणायचं, "बरोबर की नाही?" नववीत एका ऑफ तासाला मी फळ्यापाशी उभा राहून सर करायलो होतो. वर्ग हसून आडवा. मग एकदम सगळे गप. मागं बघितलं तर दारात सर. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक. आत आले, मी फळ्यावर सोडवलेलं उदाहरण वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणले, "आवाज माझा, गणित तुझं." टक टक. "बस खाली."

वर्ग लय हसला. मीबी हसलो. त्या वाक्याचा अर्थ मला दहा वर्षांनी लागला.

सर आमच्या शेजारीच राहायचे, मधी एकच भिंत. रिटायर झाल्यावर त्यांना एक दोस्त भेटला. मूळचा केरळचा माणूस, रेल्वेत गार्ड होता, नोकरी पूर्णेत संपली तर इथंच राहिला. बायको वारलेली, एक पोरगी तिकडं नोकरीला. रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्या किरायानं घेतलेल्या. त्यांना सगळं गाव अंकल म्हणायचं. अंकलची मराठी बाजारात शिकलेली आणि हिंदी गाडीच्या डब्यात, आणि ते दोन्ही एकदमच बोलायचे.

दोस्ती जुळली ती अक्षरांवरून. अंकलकडं त्यांच्या आजोबाचं एक प्रार्थनेचं पुस्तक होतं. आजोबा चर्चमधी ज्या भाषेत गायचे ती सुरियानी, म्हणजे सिरियाक. लय जुनी भाषा, उर्दूसारखी उजवीकडून डावीकडं लिहायची. अंकलला भाषा पुरी येत न्हवती, चार प्रार्थना आणि अक्षरं तेवढी पाठ होती. आलप, बेथ, गामल, दालथ असं ते सुरात म्हणायचे. सरांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती अक्षरं?"

"बावीस."

"बावीस!" सर असे खुलले जसं सोयरिकीतलं कुणी निघालं. "म्हणजे दोन गुणिले अकरा. वा! बसा, चहा घेऊ."

चार दिवसांत सरांनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला. कडंनं बावीस घरं पाडली, घराला एक अक्षर, आकडे शून्य ते एकवीस. मधी भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाचा एक काटा. हे बावीस घरांचं घड्याळ सरांच्या व्हरांड्यात टांगलं. गल्लीतल्या बायकांना ते यंत्र वाटायचं. एकीनं तर लांबूनच नमस्कार केलेला मी बघितलाय.

खेळ असा होता. मराठी मजकूर त्या अक्षरांत लिहायचा, बहुतेक व्यंजनंच, जसं जमेल तसं. मग त्यावर कुलूप. कुलपाची किल्ली रोज सकाळच्या पॅसेंजरनं आणायची. गाडी जितकी मिनिटं लेट सांगतील त्यातून बावीस जातील तितके काढायचे, उरलेला आकडा म्हणजे किल्ली. प्रत्येक अक्षराच्या आकड्याला किल्लीनं गुणायचं, त्यात तारीख मिळवायची आणि तितकी घरं घड्याळात फिरायचं. जिथं काटा थांबंल ते अक्षर कागदावर. समजा किल्ली सात, तारीख पाच. दालथचा आकडा तीन. सात त्रिक एकवीस आणि पाच सव्वीस, बावीस गेले, उरले चार. चार नंबरचं घर 'हे'चं. दालथच्या जागी हे लिहायचं. झालं. स्टेशनचा भोंगा दोघांच्याबी घरी ऐकू यायचा, म्हणून किल्ली कुणी कुणाला सांगायची गरजच न्हाई.

मी एकदा म्हणलं, "सर, पण गाडी टायमावर आली तर? शून्यानं गुणलं की सगळंच शून्य."

"तर त्या दिवशी चिठ्ठी नाही," सर म्हणले. "पण तो धोका आपल्याकडे कमी आहे. बरोबर की नाही?"

चिठ्ठ्या ठिवायची जागा गल्लीच्या कोपऱ्यावर. तिथं एक पिठाची गिरणी होती, चार वर्षांपासून बंद. तिच्या भिंतीवर मीटरचा रिकामा लोखंडी डबा, त्याचं झाकण वाजायचं. अंकल अकराच्या सुमाराला चिठ्ठी टाकायचे, सर बाराला काढून आपली ठिवायचे. दोघं रोज संध्याकाळी समोरासमोर बसून चहा प्यायचे, तरी दुपारी चिठ्ठी. मी म्हणलं, व्हॉट्सॲप करा की. सर म्हणले, "तोंडाने आम्ही गाडीघोड्याचं बोलतो. बाकीचं तिथे."

एकदा गिरणीवाल्याच्या हाताला एक चिठ्ठी लागली. त्यानं ती मस्जिदीतल्या मौलानांना दाखवली. ते म्हणले, ही उर्दू न्हाई, अरबीबी न्हाई. झालं, करणी ठरली. मीटरच्या डब्यात दुसऱ्या दिवशी लिंबू आणि बिबा. सरांनी लिंबू घरी नेऊन सरबत केलं.

शिवरात्रीनंतर आठ दिवसांनी सर गेले. जेवून उठले, हात धुता धुता पायरीवर बसले, ते बसलेच. अंकल स्मशानापर्यंत आले होते. चपला हातात घेऊन उभे होते, का ते कळलं न्हाई.

तेरावा झाल्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला आवाज दिला. "हे एवढं रद्दीत दे रे बाबा. मला ते घड्याळ डोळ्यासमोर नको." पोतंभर कागद, वर ते पुठ्ठ्याचं घड्याळ. मी सगळं माझ्या खोलीत आणून टाकलं. माझी रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पत्र्याची एक खोली, भिंतीला चारी बाजूनं जुन्या गाद्या ठोकलेल्या. आत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत न्हाई, आपलाच श्वास कानात वाजतो.

पोत्यात सरांची वही निघाली. त्यात दहा तक्ते, दहा किल्ल्यांचे, कोणत्या अक्षराचं कोणतं होतं ते तयार मांडलेलं. मी दुपारभर वाचत बसलो. नववीत इतकं ध्यान दिलं असतं तर आज तलाठी असतो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता गिरणीवरून जाताना सहज डब्याचं झाकण उघडलं. आत चिठ्ठी.

सर जाऊन पंधरा दिवस झालेले. कागद नवा, शाई ताजी. मी ती खोलीत नेली, भोंग्यावर सकाळी ऐकलेली मिनिटं आठवली, तक्ता लावला. तीनच अक्षरं निघाली. काफ, गामल, पे. का गप?

मी ते मोठ्यानं वाचलं आणि खोलीत सरांचा आवाज घुमला. मी काढला न्हवता. म्हणजे गळा माझाच, पण मी ठरवलं न्हवतं. गाद्यांनी तो आवाज गिळला आणि मग इतकं शांत झालं की मी उठून दार उघडं केलं.

आता मी मिमिक्रीवाला. कुणी अर्धं वाक्य टाकलं की पुरं करणं ही माझी खोड. मी सरांचं अक्षर काढायला बसलो. सरांचा लामद खाटकाच्या आकड्यासारखा खाली वळायचा, मीम कायम किंचित उघडं. अर्ध्या तासात जमलं. त्याच दिवसाची किल्ली लावून लिहिलं, 'गप नाही. वाट बघत होतो.' आणि डब्यात टाकलं.

गंमत म्हणून टाकलं. खरंच सांगतो, गंमतच होती.

मग अंकल रोज लिहू लागले. रोज म्हणजे ज्या दिवशी लिहायचे त्या दिवशी, मधी मधी खाडा असायचा, मला वाटायचं म्हातारा माणूस हाय, थकत असंल. चिठ्ठी आली की मी तीच किल्ली लावून उत्तर द्यायचो. ते लिहायचे, गुडघा दुखतो. मी लिहायचो, तिळाचं तेल. ते लिहायचे, तिकडं ऊन आहे का? त्याला मी एक दिवस उत्तरच दिलं न्हाई. मग लिहिलं, 'ऊन नाही. उजेड आहे.' हे मला कुठून सुचलं ते मला आजबी सांगता येत न्हाई.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात भारी नक्कल होती आणि ती कुणाला दाखवायची सोय न्हवती. लिहिताना अक्षर अन् अक्षर मी सरांच्या आवाजात बोलून बघायचो. एक दिवस भर दुपारी खोलीत उकडलं म्हणून घरी व्हरांड्यात बसून लिहायलो होतो. गल्लीत चिटपाखरू न्हाई. मी आपला सरांच्या सुरात पुटपुटतोय, पेन्सिल फरशीवर आपटली, टक टक, "बरोबर की नाही?"

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. रोजच्यासारखा, भाजी निवडता निवडता दिल्यासारखा.

"अहो, चहा ठेवलाय. निवतोय."

पलीकडं कप ठिवल्याचा आवाज आला. जरा वेळानं काकू स्वतःशीच "अगं बाई" म्हणल्या आणि मग काही न्हाई. कप मात्र संध्याकाळपर्यंत तिथंच होता. मी वाकून बघितला. साय धरली होती.

त्या आठवड्यात वालूरला एका लग्नात कार्यक्रम होता. मी नवरदेवाच्या मामाची टिंगल करायलो होतो, पब्लिक खुश. मावशीचा आवाज काढायला तोंड उघडलं आणि सर आले. माइकवर, सगळ्या मांडवात. "शेषाला विसरायचं नाही. भागाकार संपला तरी शेष उरतो. बरोबर की नाही?" मांडवात कुणीच हसलं न्हाई. वालूरला सरांना ओळखणारं कोण असणार? तरी पुढच्या रांगेतलं एक तान्हं लेकरू इतकं रडायला लागलं की त्याला बाहेर न्यावं लागलं. मी पाणी पिऊन घसा साफ केला. बोअरची मोटर काढली. कार्यक्रम निभावला.

मग मे महिन्यात अंकल बाथरूममधी पडले. सकाळी पडले ते दुपारभर फरशीवरच, संध्याकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं तेव्हा कळलं. त्यांच्या काळजात आधीच दोन स्टेंट. पोरगी तिसऱ्या दिवशी आली. मला ती गल्लीच्या तोंडाला भेटली, डोळे सुजलेले.

"भैया, आप सर के बाजू में रहते हैं ना?"

"हो ताई. बोला."

"पापा को मैं ले जाना चाहती हूँ. डॉक्टर बोले, अकेले नहीं रखना, इस बार बच गए, अगली बार नहीं. दो बार टिकट निकाला, दोनों बार पापा ने कॅन्सल किया. बोलते हैं, मैं चला गया तो सर किसको लिखेंगे?" तिनं सरांच्या घराकडं बघितलं. "सर तो गुज़र गए ना, भैया?"

"गुज़र गए," मी म्हणलं.

"तो रोज़ चिट्ठी कौन लिखता है?"

ठाऊक न्हाई अशी मी मान हलवली. ती म्हणली, "कल का टिकट है, सुबह की पॅसेंजर से. आखरी बार पूछूँगी. मेरी भी नौकरी है."

म्हणजे हिशोब सरळ होता. माझ्या चिठ्ठ्यांपायी एक माणूस त्या दोन खोल्यांत एकटा मरणार होता. मी खोलीत आलो. त्या दिवशी अंकलची चिठ्ठी न्हवती. मी म्हणलं, सामान भरायलेत का न्हाई कुणास ठाऊक. आज आपण होऊन लिहू. सरांनीच सांगितलं तर ऐकतील.

सकाळी भोंग्यावर ऐकलेलं आठवलं, पॅसेंजर चौदा मिनिट देरी. तारीख नऊ. वहीत चौदाचा तक्ता शोधला तर न्हाईच. मला वाटलं, पान फाटलं असंल. काही हरकत न्हाई, आता मला येतंय की. घड्याळ मांडीवर घेतलं, एक एक अक्षर चौदानं गुणलं, नऊ मिळवले, काटा फिरवला. पयल्यांदा कुणाच्या तक्त्याशिवाय सगळं स्वतः केलं. लय अभिमान वाटला. मजकूर एवढाच, 'पोरीबरोबर जा.' बाराच्या ठोक्याला डब्यात टाकलं.

तीनच्या सुमाराला माझ्या खोलीचं दार उघडलं आणि अंकल आत आले. इतक्या वर्षांत ते माझ्याकडं कधी आले न्हवते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरपर्यंत गुंड्या लावलेल्या, पायात बूट. केस पाण्यानं बसवलेले. त्यांनी मागं दार लावलं. गाद्यांमुळं त्यांचा श्वास मला माझ्या कानात ऐकू यायलाय असं वाटलं.

"बैठ, मोने," ते म्हणले. मोने म्हणजे पोरा. मग स्वतःबी समोर बसले आणि चिठ्ठी माझ्या मांडीवर ठिवली. "ये कौन लिखा?"

"सरांचं... सरांचंच दिसतंय की अक्षर."

"अक्षर सर का है." त्यांनी मान हलवली. "लेकिन आज चौदा है. सर मेला तरी चौदावर लिहिणार नाही."

मला काहीच कळंना. त्यांनी भिंतीला टेकवलेलं घड्याळ बघितलं, ओळखलं, उचललं आणि आमच्या दोघांच्या मधी ठिवलं. एक बोट झैनवर, दुसरं बरोबर समोर, साधेवर. झैन म्हणजे ज, साधे म्हणजे च.

"इसका घर सहा. उसका सतरा. चौदा से गुणा कर. कर, कर."

मी केलं. सहा चोक चोवीस न्हाई, सहा चौदे चौऱ्याऐंशी. बावीस गेले, गेले, गेले, उरले अठरा. सतरा चौदे दोनशे अडतीस. बावीस काढत गेलो. उरले अठरा.

"अब आलप और लामद."

ते दोघंबी समोरासमोरच. दोन्हीचं उत्तर एकच. मग बेथ आणि मीम, एकच. किल्ली सम असली की घड्याळात समोरासमोर बसलेली दोन अक्षरं एकाच घरात येऊन पडतात आणि मग कागदावरून मागं जायला वाट राहत न्हाई. प्रत्येक अक्षराच्या पाठीमागं दुसरं एक उभं. किल्ली अकरा असली तर त्याहून वाईट, सगळी अक्षरं दोनच घरांत. म्हणून वहीत दहाच तक्ते. म्हणून ते खाडे. म्हातारे थकत न्हवते, गाडी सम मिनिटांनी लेट असली की त्या दिवशी सुट्टी, हा त्यांचा नियम, आणि तो इतका पक्का की वहीत लिहायचीबी गरज न्हवती.

"आज सुट्टी था," अंकल म्हणले. "मी असाच बाहेर गेलो. डबा वाजला वाऱ्याने. आत चिठ्ठी. मैं सोचा, सुट्टी को सर ने लिखा, मतलब बहुत ज़रूरी." त्यांनी चिठ्ठीच्या शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठिवलं. "तू क्या लिखा इधर?"

"जा," मी म्हणलं. "पोरीबरोबर जा."

"हां. जा पण होते." त्यांचं बोट घड्याळात झैनवरून समोर साधेवर गेलं, 'आ'च्या आलपवरून समोर 'ल'च्या लामदवर. "आणि चल पण होते. आधीचं काही लागलं नाही, मी चल वाचलं. सोचा, सर बुलाता है."

मी त्यांच्या शर्टाकडं बघितलं. बुटाकडं बघितलं.

"पोरी को बोला, थोडा सोता हूँ. नहाया. ये पहना. खाट पे बैठा, हात ऐसा रखके. डर नहीं लगा, मोने. अच्छा लगा." ते घड्याळाच्या काट्याशी खेळत होते. "एक तास बसलो. मग डोक्यात आलं, चौदा. सर चौदावर लिहिणार नाही. गणित सर का नहीं है."

आणि मग हसून म्हणले, "सर बोलला होता मला. एक पोरगा आहे शेजारी. आवाज माझा, गणित त्याचं."

मी रडलो का, तर हो, रडलो. हात जोडले. म्हणलं, अंकल, चुकलं, गंमत म्हणून सुरू केलं आणि मग थांबवता आलं न्हाई.

"पयल्या दिवशी समजलं होतं का तुमाला?"

"पहले लगा सर है. फिर लगा काकू है. फिर..." त्यांनी हात हवेत उडवला. "फिर सोचा, पूछना नहीं. पूछा तो बंद होगा." मग म्हणले, "एक बार बोल. उसकी आवाज़ में बोल, जा. मग मी जातो."

सोपं काम होतं. मी घसा साफ केला, नाकातून श्वास ओढला, तोंड उघडलं. काही आलं न्हाई. जिथून सर यायचे ती जागा मला गळ्यात सापडंना, जिभेनं पडलेला दात शोधावा तसा शोधत होतो. शेवटी जो आवाज उरला त्यात बोललो.

"अंकल, जावा तुमी. ताईसंगं जावा."

ते टक लावून बघत राहिले. "ये तेरी आवाज़ है?"

"हो."

"पतली है," ते म्हणले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी बॅगा मीच उचलल्या. ताई तिकीट पुन्हा पुन्हा बघायली होती, म्हाताऱ्याचा काय भरवसा. प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसलो आणि भोंगा वाजला. पॅसेंजर बावीस मिनिट देरी से चल रही है.

अंकलनं माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. बावीसातून बावीस गेले, शून्य. त्यांनी खिशातून कागद काढला, माझ्या पाठीवर ठिवला आणि लिहायला लागले. शर्टातून पेनाचं टोक लागायचं. लय वेळ लिहिलं. मधी थांबायचे, विचार करायचे, पुन्हा लिहायचे. गाडी दिसली तेव्हा घडी न घालताच कागद माझ्या हातात दिला.

"डब्यात टाक. बारा वाजता."

पानभर एकच अक्षर होतं. तारीख दहा, दहा नंबरच्या घरात काफ, म्हणून सगळं काफ. काफ काफ काफ, जागा, काफ काफ, जागा, ओळीच्या ओळी. मधी कुठं प्रश्नचिन्ह, कुठं शब्द खोडून पुन्हा लिहिलेला, खोडलाय तोबी काफ, पुन्हा लिहिलाय तोबी काफ. जगातलं कुणी ते उलगडू शकत न्हाई. लिहिणाऱ्याला ठाऊक आणि ज्याला लिहिलं त्याला.

गाडी गेली. बारा वाजता मी चिठ्ठी डब्यात ठिवली, झाकण घट्ट दाबलं. पयल्यांदाच मी काही वाचलं न्हाई.

अंकल आता पोरीकडं हायत. परवा व्हिडिओ कॉल आला होता, नातवाला आलप बेथ शिकवायलेत. सरांचा आवाज मला आजबी येत न्हाई, कार्यक्रमात फर्माईश आली की मी मोटर काढतो.

तेवढं एक राहिलं. चिठ्ठी ठिवली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाराला मी तिथून जात होतो. डबा उघडला. रिकामा. झाकण मी दाबलं होतं तसंच घट्ट होतं, खाली रस्त्यावर, नालीत कुठं कागद न्हवता. काकूंना विचारावं असं मनात आलं, पण त्यांचं दार बंद होतं. डब्याच्या तळाला पांढरी पूड होती, चिमूटभर. गिरणीची भिंत हाय, पीठ असंल, मी म्हणलं. गिरणी चार वर्षं बंद हाय तरी म्हणलं. बोटात घेऊन चोळून बघितली. पीठ मऊ असतं, ही फळ्याखालच्या भुकटीसारखी खरखरीत होती.

मी हात पँटीला पुसले आणि उन्हातनं घरी आलो.